शुल्क तर आपण भरतोच आहोत

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातल्या शेतकऱ्याला काही गोष्टी वेळेवर कळाव्या लागतात. पाऊस आणखी किती दिवस दडी मारणार, धानावर गादमाशी दिसली तर काय करायचे, कालव्याला पाणी कधी सुटणार, दुपारून विजा पडण्याचा इशारा आहे का. ही माहिती विकून कुणाला फारसा पैसा मिळत नाही. जाहिरातदार प्रेक्षकाची खरेदीची ताकद बघतो, आणि बांधीत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाची ती ताकद त्याच्या हिशेबात फार कमी भरते. याच तालुक्यातले सौंदड काही आडवळणाचे गाव नाही. राष्ट्रीय महामार्ग गावातून जातो, गोंदिया–बल्लारशा मार्गावरचे स्टेशन आहे. तरीही इथल्या धानाची, इथल्या रस्त्यांची, इथल्या दवाखान्याची बातमी देणे हा खासगी वाहिनीच्या दृष्टीने धंदा होऊ शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने खासगी एफएमसाठी २३४ नवी शहरे निवडली, त्यांत गोंदिया आहे. गाणी येतील, चांगलेच आहे. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची आपल्या देशात मुभाच नाही. म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन यांनी हे काम केले नाही तर ते कुणीच करणार नाही. मग त्याचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न उरतो. माझे उत्तर असे की तो प्रेक्षकानेच सोसावा, सक्तीने सोसावा, पण ऐपतीप्रमाणे. आणि तो पैसा माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या हातातून जाऊ नये.

प्रेक्षकशुल्क हा विलायती विचार आहे असे कुणाला वाटत असेल तर आपलाच इतिहास पाहावा. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले ते श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर. वर्षाला १० रुपये, त्यातले ८ कंपनीला. परवाने कधी आठ हजारांवर गेले नाहीत, चोरून ऐकणारे मात्र भरपूर होते, आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनी गुंडाळावी लागली. मग १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा आला आणि परवान्याशिवाय संच बाळगणे गुन्हा ठरला. पुढची पन्नास वर्षे हा कारभार पोस्टातून चालला. साठी ओलांडलेल्यांना ते पुस्तक आठवत असेल: तळहाताएवढे, आत संचाचा नंबर, दरवर्षीचे तिकीट चिकटवण्याची जागा आणि त्यावर पोस्टमास्तरचा गोल शिक्का. रेडिओला १५ रुपये, टीव्हीला ५०. १९८५ च्या सुमारास हे सगळे बंद झाले. ट्रान्झिस्टर घरोघरी पोहोचल्यावर पंधरा रुपयांसाठी घरे तपासत फिरणे सरकारला परवडण्यासारखे नव्हते. शिवाय एक मोठा अन्याय त्यात होता. नागपूरच्या गिरणीमालकाने आणि सौंदडच्या मजुराने एकाच रेडिओला सारखेच पैसे भरायचे. हे दोन्ही दोष खरे आहेत, आणि पुन्हा तसलेच पुस्तक आणा असे म्हणणाऱ्याला माझा विरोध राहील.

पण शुल्क गेल्यावर आले काय? जाहिराती आधीच आल्या होत्या. विविध भारतीवर त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून सुरू झाल्या, मुंबई, पुणे आणि आपले नागपूर या तीन केंद्रांवरून. दूरदर्शनवर १९७६ पासून. उरलेला भार केंद्राच्या अनुदानावर पडला. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात प्रसार भारतीसाठी सुमारे २,८०० कोटी रुपये होते. देशात ढोबळमानाने ३० कोटी घरे धरली तर घरामागे वर्षाला शंभर रुपयेसुद्धा पडत नाहीत. ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये एका घराला वर्षाला १७४.५० पौंड, म्हणजे वीस हजार रुपयांच्या आसपास, भरावे लागत होते. शिवाय आपल्याकडच्या अनुदानाचा मोठा वाटा पगारांत जातो. कार्यक्रमासाठी, बातमीदारासाठी, गाडी घेऊन गावात जाण्यासाठी जे हवे ते संस्थेने आपल्या मिळकतीतून काढायचे. अशी ओढाताण झाली की कात्री कुठे लागते हे विदर्भाने पाहिले आहे. नागपूरजवळच्या १,००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून रात्रभर देशाला ऐकू जाणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये सुरू झाली होती. काटकसरीचे कारण देऊन ती २०१९ च्या सुरुवातीला बंद केली गेली. २०२३ मध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभागही हलवण्याचे ठरले होते. लोकांनी ओरड केली म्हणून तो निर्णय थांबला. मुंबई-पुण्याची ओरड दिल्लीपर्यंत जाते. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची किती जाईल?

यावर पहिला आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे: सरकारची तळी उचलणाऱ्या वाहिनीला आम्ही पैसे का द्यायचे? नुसत्या शुल्काने स्वातंत्र्य येते असे मानणारा भोळा आहे. पाकिस्तानात वर्षानुवर्षे वीजबिलातून महिना ३५ रुपये पीटीव्ही या सरकारी वाहिनीसाठी कापले जात होते. तेवढ्याने पीटीव्ही सरकारच्या पकडीतून सुटली नाही. ब्रिटनमध्येही शुल्काचा आकडा सरकारच ठरवते, आणि २०२२ पासून दोन वर्षे तो १५९ पौंडांवर गोठवून बीबीसीला चिमटा काढता आला. जर्मनीने यावर वेगळा तोडगा काढला. तिथे प्रसारकांना किती पैसा लागेल याची शिफारस तज्ज्ञांचा स्वतंत्र आयोग करतो. एका राज्याने त्या शिफारशीनुसार होणारी वाढ अडवून धरली तेव्हा २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती अडवणूक बेकायदा ठरवली. म्हणजे पैसा कुणाकडून आला यापेक्षा त्याची गाठ कुणाच्या हातात आहे, यावर सगळे अवलंबून आहे. आपल्या १९९० च्या प्रसार भारती कायद्याला हे उमगले होते. त्यात देखरेखीसाठी २२ खासदारांची संसदीय समिती आहे, लोकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद आहे. कायदा लागू व्हायलाच १९९७ उजाडले, आणि ही दोन्ही कलमे आजही कागदावर आहेत. प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवले आहे. मालकाला हिशेब विचारण्याची जागा मात्र कुणी बांधली नाही.

दुसरा आक्षेप गरिबाच्या बाजूने येतो आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. या भागात कौलांवर बसलेल्या छत्र्या पाहिल्या तर त्यांत दूरदर्शनच्या फ्री डिशच्या छत्र्या बऱ्याच दिसतात. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचे बिल नाही. देशभरात चार कोटींहून अधिक घरे अशी आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या २,५३९ कोटींच्या योजनेत दुर्गम, आदिवासी आणि नक्षलप्रभावित भागांसाठी आठ लाख डबे मोफत देण्याची तरतूद आहे. ज्याला सरकार डबा फुकट देते त्याच्याच दारात शुल्काची पावती नेणे निरर्थक ठरेल. फिनलंडने २०१३ मध्ये, स्वीडनने २०१९ मध्ये घरटी शुल्क काढून ते उत्पन्नाशी जोडले.

मग पैसा कुठून? इथे एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. जे घर खासगी डीटीएचचे बिल भरते ते आजही प्रसारणासाठी शुल्क देतेच आहे. या कंपन्यांना आपल्या समायोजित महसुलाच्या ८ टक्के परवाना शुल्क केंद्राला द्यावे लागते, आणि कंपनी तो पैसा शेवटी ग्राहकाच्या रिचार्जमधूनच काढते. पण तो जाऊन पडतो देशाच्या एकत्रित निधीत, इतर सगळ्या जमेत मिसळून. २०२३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने हे शुल्क ३ टक्क्यांवर आणावे आणि पुढे शून्य करावे अशी शिफारस केली. कंपन्यांना दिलासा मिळेल. ग्राहकाचे रिचार्ज तेवढे उतरेल याची हमी कोण देणार? मला वाटते त्यातले ३ टक्के कायम ठेवावेत, मोठे केबलचालक आणि पैसे घेऊन चालणारे ओटीटी यांनाही तेवढाच दर लावावा, आणि ही रक्कम थेट एका वैधानिक प्रसारण निधीत जावी. तीनशे रुपयांच्या रिचार्जमागे नऊ रुपये. जास्त वाहिन्या घेणारा जास्त भरेल, फ्री डिशवाला काही भरणार नाही. पगारांचे अनुदान आहे तसे चालू राहावे. या निधीला फक्त बातमी, शेती, शिक्षण आणि स्थानिक भाषांतले कार्यक्रम यांचीच वाट मोकळी असावी.

‘अशा निधीचे काय होते ते आम्ही पाहिले आहे,’ असे कुणी म्हणाले तर तेही खोटे नाही. खेड्यापाड्यांत फोन पोहोचवण्यासाठी दूरसंचार कंपन्यांकडून ५ टक्के घेऊन सार्वत्रिक सेवा निधी उभारला गेला, आणि वर्षानुवर्षे त्यातली मोठी रक्कम खर्चाविना राहिली. कारण तोही पैसा आधी एकत्रित निधीत जातो आणि मग अर्थसंकल्पातून मागून आणावा लागतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी २२ खासदारांची समिती नेमली जावी, प्रसारण परिषद बसावी, रक्कम ठरवणारा आयोग मंत्रालयाबाहेर असावा, आणि त्यानंतरच पहिला रुपया घ्यावा. हे होईपर्यंत शुल्काला विरोध करणाऱ्यांशी माझे भांडण नाही.

मोबाईलवर सगळे मिळते, आता रेडिओ-टीव्ही कशाला, असेही विचारले जाते. मोबाईलवर मिळते ते कुणीतरी तयार केलेले असते. सौंदडच्या धानखरेदी केंद्रावर बारदाना संपल्याची खात्री करून, केंद्रचालकालाही विचारून, झाडीबोलीत किंवा गोंडीत ती बातमी सांगणारा पगारी बातमीदार आधी असावा लागतो. तो रेडिओवर बोलला काय आणि मोबाईलवर बोलला काय, त्याच्या पगाराची सोय जाहिरातदार करणार नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांसाठी असे प्रत्येकी चार बातमीदार नेमायचे म्हटले तर सोळा माणसे लागतील.