थायरॉईडच्या गोळीची सवय लागत नाही, गरज असते

"डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू ना?" रुग्ण आर्वीचा असो की हिंगणघाटचा, हा प्रश्न ठरलेला. मागे कुणाचा तरी सल्ला असतो: "सवय लागते, सोडून दे. आमच्या वहिनीची तर डॉक्टरांनीच बंद केली!"

वहिनीची ग्रंथी जास्त काम करत असेल. त्यात टीएसएच घटतो, धडधड होते, वजन उतरते; कार्बिमाझोल अनेकांना १२ ते १८ महिन्यांनी थांबवता येते. तुमची ग्रंथी कमी काम करते. टीएसएच वाढतो, थकवा येतो, वजन वाढते. ग्रंथीला पुरेसे बनवता न येणारे हार्मोनच गोळीतून मिळते. त्याची सवय कसली? रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच.

"सोडली तरी काही झालं नाही" हाही पुरावा नव्हे. शरीरातले थायरॉक्सिन निम्मे व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात. त्रास हळूहळू, नंतर सुरू होतो. गरोदर बाईने तर गोळी मनाने मुळीच सोडू नये. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर अवलंबून असते.

काहींची गोळी थांबतेही, पण ते टीएसएच पाहून डॉक्टरांनी ठरवायचे. सेवाग्रामला दाखवा, सावंगीला दाखवा. शेजारच्या ओट्यावर मात्र डोस ठरवू नका.