समुद्र निळाच हवा का?

तुमच्या घरात चौथी ते आठवीतले मूल असेल तर त्याची चित्रकलेची वही एकदा उघडून पाहा. ‘देखावा’ म्हणून दोन डोंगर, मधोमध उगवता सूर्य, एक झोपडी, नारळाचे झाड आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे पाच पक्षी हमखास सापडतील. तुम्ही-आम्हीही हेच काढले. चाळीत, झोपडपट्टीत वाढणाऱ्या मुलाने दोन डोंगरांतून सूर्य उगवताना पाहिलेला असतो कुठे?

गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिघीजणी वस्तीतली नऊ मुले घेऊन शिवडीच्या खाडीवर गेलो. खर्च काय तर हार्बरचे तिकीट आणि वडापाव. वेळ मात्र पाहून जावे लागते. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पूर्ण ओहोटीला पक्षी लांब आत निघून जातात. म्हणून ओहोटी लागल्यावर दोन-तीन तासांनी गेलेले बरे. प्रत्येकाजवळ एक पेन्सिल आणि पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही. रंग मुद्दाम नेले नाहीत. रंग समोर असले की मुले पाहायचे सोडून रंगवत बसतात.

चिखलात रोहित पक्षी होते. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या वहीत बगळे उमटले! मग सांगितले, आता पेन्सिल खाली ठेवा आणि नुसते बघा. तेव्हा एकेक दिसू लागले. चोच मध्येच वाकडी आहे. खाताना पक्षी डोके उलटे करून ती चिखलात फिरवतो. पाय मागे दुमडतो तो गुडघा नव्हेच, घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. लहान जातीचा रोहित जास्त गुलाबी, चोच गडद लाल. मोठा रोहित बराचसा पांढरा, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. पिल्ले तर करडीच. हा गुलाबी रंग खाण्यातून, मुख्यतः शेवाळातून, चढतो हे ऐकून एका पोराने विचारले, ‘‘मग आपण डाळभात खाऊन पिवळे का होत नाही?’’ उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला.

घरी आल्यावर रंगकाम. गुलाबीसाठी पांढरा रंग लागत नाही. लाल रंगाचा ठिपका भरपूर पाण्यात पातळ करायचा आणि पिसांचा उजळ भाग कोराच सोडायचा. चिखलासाठी तपकिरीत थोडा निळा मिसळला की करडा रंग येतो. ओल्या चिखलावर आकाश चमकते, तिथे आकाशाचाच रंग. लांबचे पक्षी लहान आणि फिके. आणि पलीकडच्या कारखान्यांच्या चिमण्या, २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू, हेही काढायचे. ते गाळून देखावा ‘सुंदर’ करण्याची काही गरज नाही.

सातवीतल्या एका मुलीने पाणी मातकट रंगवले. चित्र शाळेत नेले तर बाईंनी शेरा मारला, ‘समुद्र निळा असतो.’ गुण कापले. पोर रडत घरी आली. आई म्हणाली, ‘‘निळा करून टाक, गुण मिळतील.’’ वडील बंदरात माथाडी. ते शांतपणे म्हणाले, ‘‘वीस वर्षं धक्क्यावर ओझी उचलतोय, मला तरी निळं पाणी दिसलं नाही.’’

खाडी उथळ आहे, भरती-ओहोटी तळाचा गाळ ढवळते, म्हणून पाणी मातकट. मुलगी चुकली नव्हती. पण आईचेही मी चूक म्हणणार नाही. गुणांवर पुढची वाट ठरते हे आपल्या घरांना पक्के ठाऊक आहे. त्या मुलीने दुसरे चित्र निळे काढून दिले आणि पहिले भिंतीवर लावले. मला हे खटकले. पोरीने डोळ्यांनी पाहिलेले खोटे ठरवायचे आणि न पाहिलेल्याला गुण द्यायचे, ही शिकवण चित्रापुरती राहत नाही. वडील आता शाळेत जाऊन बाईंना भेटणार आहेत, ती पाठकोरी वही घेऊन. एलिमेंटरीच्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. ज्याने पाहिलेच नाही त्याला आठवणार काय, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

आमच्या नवांपैकी एकाने मात्र रोहित काढलाच नाही. त्याची सगळी वही चिखलातून उड्या मारणाऱ्या निवट्यांनी भरली आहे. डोळे अगदी डोक्यावर, बरोबर तिथल्यासारखे.