चहाची प्रत आणि चहाची चव

आमच्या मराठी विभागात वर्षानुवर्षे एकच चहा येतो. दूध, साखर, ठेचलेले आले आणि चहाची भुकटी एकत्र खळखळून उकळलेला. त्याविषयी कोणी मत दिल्याचे आम्हांस आठवत नाही. 'आज जरा पाणचट झालाय' ही तक्रार असते, तिला मत म्हणता येत नाही. दार्जिलिंगहून परतलेल्या एका सहकाऱ्यांनी चार पुड्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा चहा हा निवडीचा विषय असू शकतो हे आमच्या प्रथमच ध्यानात आले.

पहिला प्रयोग फसला. पुड्यांतला हिरवा चहा आम्ही सवयीने पाच मिनिटे उकळला आणि दूध न घालता प्यायलो. तो कडूजहर लागला. 'याला चहा कोण म्हणेल?' असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालो. नंतर कळले, की या पानाला उकळते पाणी चालतच नाही. पाऊणशे ते ऐंशी अंश तापलेल्या पाण्यात दोनेक मिनिटे ठेवून ते गाळायचे असते. म्हणजे दोष चहाचा नव्हता, वाचनपद्धतीचा होता. ओवीला गझलेचे निकष लावून तिला नापास करणाऱ्या विद्यार्थ्यावर आपण रागावतो. त्या दिवशी आम्ही तेच केले होते.

मग चारही पुड्यांची नीट ओळख करून घेतली. गवती चहा किंवा तुळशीचा काढा वगळला, तर जगातला सारा चहा एकाच वनस्पतीच्या पानांचा. तिच्या दोन मुख्य जाती: बारीक पानाची चिनी आणि मोठ्या पानाची आसामी. भेद पडतो तो खुडल्यानंतर. कापलेले सफरचंद हवेत काळवंडते, तशीच क्रिया चुरडलेल्या पानात होते. उष्णता देऊन ती आरंभीच थांबवली की हिरवा चहा, अर्ध्यावर थांबवली की ऊलाँग, पूर्ण होऊ दिली की आपला नेहमीचा काळा. पुड्यांतले काळे चहा दोन होते, तेही दोन ऋतूंचे. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीचा चहा फिकट आणि फुलांच्या वासाचा. मे-जूनच्या दुसऱ्या खुडणीचा तांबूस, पिकल्या द्राक्षाची आठवण देणारा. त्या द्राक्षगंधामागे तुडतुड्यांचाही हात असतो. कीड पान चावते, झुडूप प्रतिकारासाठी काही द्रव्ये तयार करते आणि तीच पुढे सुगंध होऊन पेल्यात उतरतात.

खरा मुद्दा यापुढचा आहे. चहाच्या खोक्यावर 'ऑरेंज पेको', 'ब्रोकन', 'फॅनिंग्ज', 'डस्ट' अशा प्रती छापलेल्या असतात. आम्ही त्या गुणवत्तेच्या पायऱ्या समजत होतो. वस्तुतः त्या मुख्यतः पानाच्या आकाराच्या प्रती आहेत. चाळणीने ठरतात, जिभेने नव्हे. 'ऑरेंज'चा तर संत्र्याच्या चवीशी काही संबंध नाही. वाङ्मयातही आपण अशा चाळण्या वापरतो. 'ग्रामीण', 'महानगरीय', 'लोकप्रिय', 'गंभीर' ही वर्गीकरणे सोयीची खरी, पण ती चवीचा निर्णय म्हणून वापरली जातात तेव्हा वाचन संपते. नोट्समध्ये कवीची प्रत आधीच ठरलेली असते. विद्यार्थी ती पाठ करतो आणि कविता जिभेवर ठेवायची राहूनच जाते.

याची दुसरी बाजूही तितकीच घातक आहे. हल्ली बिनदुधाचा, नाजूक पेल्यातला चहा पिणे म्हणजे अभिरुची आणि टपरीवरचा उकळलेला चहा म्हणजे अडाणीपणा, असा एक सूर ऐकू येतो. तो आम्हांस मान्य नाही. भारतात तयार होणारा बहुतांश चहा सीटीसी, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेल्या दाण्यांचा. 1930 च्या दशकात आसामात रूढ होऊ लागलेली ही पद्धत कमी पत्तीत दाट रंग आणि कडक अर्क देते. दुधातली प्रथिने त्या अर्काचा तुरटपणा बांधून ठेवतात, म्हणून हा चहा दूध, साखर आणि आले यांच्यापुढे टिकतो. पहिल्या खुडणीचे दार्जिलिंग त्याच पातेल्यात उकळले, तर पैसे आणि पान दोन्ही वाया जातील. अमृततुल्याच्या पितळी पातेल्यातही एक शास्त्र आहे. फक्त ते निराळ्या पानाचे आहे.

चहाची पारख करायला परकी परिभाषा लागते, हाही एक गैरसमज. मराठीत 'तुरट' हा नेमका शब्द आहे. कडू आणि तुरट वेगळे असतात हे कच्चे केळे खाल्लेल्या पोरालाही कळते. आयुर्वेदाच्या षड्रसांत 'कटु' म्हणजे तिखट. त्यातूनच आलेला आपला 'कडू' अर्थ बदलून बसला, तरी सहाही चवींना आपल्याकडे नावे आहेत. उणीव शब्दांची नाही. थांबून चव घेण्याची आहे.

मग निवड कशी करावी? आमच्या मते प्रथम आपण चहा कसा पितो हे प्रामाणिकपणे ठरवावे. दूध घालणार असाल, तर आसामचा कडक दाणा. कोरा प्यायचा असेल, तर अखंड पानाचा चहा, तोही शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नाही, कारण ठेवून ठेवून त्याचा गंध उडतो. 'दार्जिलिंग' हे नाव भौगोलिक निर्देशांक म्हणून 2004 मध्ये नोंदले गेले आणि तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय उत्पादन ठरले. तेव्हा घेताना चहा मंडळाची खूण पाहावी. आणि दोन चहा शेजारी शेजारी ठेवून प्यावेत. एकट्या पेल्यावरून काहीच कळत नाही.

शेवटी चारही चहा नीट करून आम्ही एम.ए.च्या वर्गासमोर ठेवले, सोबत नेहमीचा उकळलेलाही. एका विद्यार्थिनीने सगळे चाखले आणि संकोचत म्हणाली, "सर, मला आपला नेहमीचाच आवडला. पण आता का आवडला ते सांगता येईल." मग तिने ते सांगितलेही: आल्याचा तिखटपणा, दुधाचा गोडवा आणि शेवटी जिभेवर उरणारी थोडीशी तुरट रेघ.

तिची निवड बदलली नव्हती, पण त्या दिवशी ती प्रथमच तिची झाली होती. साहित्याच्या तासाकडून आमची अपेक्षा याहून अधिक नाही.