बाकीचे मरतात तेव्हा...

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, आणि विषय ऐकून हसाल. सत्तरी ओलांडलेली, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली मास्तरीण सुपरहिरोंच्या कॉमिक्सवर भांडायला उठली आहे! पण राग आलाय खरा. तो आता सांगूनच टाकते.

माझी नात न्यू जर्सीला असते. २०२३ च्या जूनमध्ये ती सुट्टीला नाशिकला आली, तेव्हा तिच्या बॅगेत स्पायडरमॅनचा ताजा अंक होता. त्यात कमला खान मरते. ही कमला म्हणजे मिस मार्व्हल. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली मुलगी. २०१४ पासून तिची स्वतःची मालिका होती. नातीची फार लाडकी, कारण घरचे नियम वेगळे नि शाळेतले वेगळे, ही कसरत दोघींनाही ठाऊक. आणि ही मुलगी मरते कुठे? स्वतःच्या अंकात नाही, स्पायडरमॅनच्या! घाव बसतो तेव्हा तिने रूपही त्याच्या जुन्या प्रेयसीचं घेतलेलं असतं. म्हणजे बिचारीला मरणही स्वतःचं नाही.

मी "अरेरे" म्हटलं. नात मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, चिल! दोन महिन्यांत परत येईल ती."

आणि आलीच की हो जुलैत! कमलाच्या मरणाने मला जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं नातीच्या त्या खांदे उडवण्याने वाटलं.

मी काही कॉमिक्सची वैरीण नाही. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. ते मराठीतही निघे. भाऊ आणायचा, मी पाठ्यपुस्तकात लपवून वाचायची. वेताळावर आमची भक्ती. त्याचीही गोष्ट एका मरणापासूनच सुरू होते. समुद्री चाचे बापाला मारतात, आणि मुलगा मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. पण मेलेला वेताळ मेलेलाच राहतो. त्याला कवटीच्या आकाराच्या गुहेत पुरतात, त्याचा मुलगा पुढे होतो. मागच्या वीस जणांच्या कबरी तिथे आहेत, प्रत्येकाची हकीकत वहीत लिहिलेली आहे. पुढे १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आला. त्याचा बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि ज्या अधिकाऱ्याने मारलं तोच पोराचा सांभाळ करतो. किती अवघड गोष्ट, पण मुलांपुढे ठेवलीच ना? इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं. असो.

नातीकडून मग मी शिकवणीच घेतली. १९७३ साली स्पायडरमॅनची ग्वेन स्टेसी पुलावरून पडून मेली. तो जाळं टाकून तिला धरतो, आणि त्या हिसक्यानेच तिची मान मोडते. हे मला भिडलं, नाही कसं म्हणू? वाचवणाऱ्याच्या हातून मरण, आणि ते मरण पुसलंही गेलं नाही. पण पुढच्यांनी यातून धडा काय घेतला? तर नायकाला रडवायचं असेल तर त्याची बाई मारा! १९९४ साली ग्रीन लँटर्नच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलं. ती छायाचित्रकार होती, येऊन सहा-सात अंकच झाले होते. नायकाने घरी येऊन दार उघडावं आणि चवताळून उठावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. १९९९ साली गेल सिमोन नावाच्या वाचक बाईने अशा मारलेल्या, छळलेल्या बायकांची यादीच केली, तिला नाव दिलं 'फ्रिजमधल्या बायका'. बाई पुढे स्वतः कॉमिक्स लिहू लागल्या. शाब्बास!

दुसरी तऱ्हा बाजाराची. १९८८ साली बॅटमनचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगवायचा की मारायचा यावर फोनवरून मतं मागवली. मारा म्हणणारे ५३४३, जगवा म्हणणारे ५२७१. बहात्तर मतांनी एक पोरगा गेला! आणि २००५ मध्ये तोही परत आला.

"करमणूक आहे, एवढं काय मनावर घेता?" असं म्हणणारे भेटतील. माझं म्हणणं असं, की गोष्टीत मरण असावंच. मुलांपासून ते लपवणारी मी नव्हे. पण दुसऱ्याचं मरण म्हणजे नायकाच्या गाडीतलं पेट्रोल, आणि तेही पुन्हा भरून मिळणारं, हे मुलाला शेकडो वेळा शिकवलंत तर ते खांदे उडवणारच. चूक नातीची नाही.

आता आमच्या जिल्ह्यातलं सांगते. इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे. जटायू तिथे पडला अशी श्रद्धा. जटायूही दुय्यम पात्रच की! सीतेसाठी लढला, पंख तुटले, रामाला बातमी सांगून गेला. कथेच्या दृष्टीने त्याचं काम संपलं होतं. राम तसाच धावत सुटला असता तरी चाललं असतं. पण वाल्मीकींचा राम थांबतो, चिता रचतो, पिंड देतो, गोदावरीवर जाऊन जलांजली देतो. बायको पळवली गेलेली असताना तो पक्ष्यासाठी वेळ काढतो.

आपलं सगळं सोवळं होतं असं मात्र नाही. लाक्षागृहात एक निषाद बाई पाच मुलांसह जळाली. त्या सहा देहांमुळेच पांडव मेले असं सगळ्यांना वाटलं. तिचं नाव कुणी सांगेल? फ्रिज आपल्याकडेही होता, मंडळी.

आणि नुसत्या पुराणातच नव्हता. मी नोकरीत असताना आमच्या शाळेचे शिपाईमामा वारले. शोकसभेत संस्थेने त्यांच्यासाठी काय काय केलं हेच सगळे बोलले, साहेब किती हळवे झाले यावर दहा मिनिटं गेली. मीही बोलले, मामांनी पावसात माझी छत्री शोधून दिली होती ते. म्हणजे माझीच गोष्ट! मामांची बायको मागच्या बाकावर बसली होती. अठरा वर्षं मामांच्या हातचा चहा प्यायले, पण तिचं नाव मला माहीत नव्हतं. सभा संपल्यावरही विचारलं नाही. आजही माहीत नाही.

म्हणून कॉमिक्सवाल्यांवर ओरडताना माझा आवाज थोडा जास्तच चढतो. अरे बाबांनो, माणूस मारायचा तर खुशाल मारा, पण आधी त्याला जगू द्या. तो काय करत होता, त्याचं काय अर्धं राहिलं, हे दोन पानं तरी सांगा. नायकाचे अश्रू नंतर दाखवा. आणि गेलेल्याला गेलेलं राहू द्या.

नातीला मी मामांची गोष्ट सांगितली. तिने मोबाईल खाली ठेवला आणि विचारलं, "आजी, मग त्या काकूंचं पुढे काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही.

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा. रागावलात तरी चालेल.