‘तपास चालू आहे’ म्हणजे नक्की काय चालू आहे?

कॅमेरा कोणासाठी थांबत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डेटा किती दिवस टिकतो हा आमचा रोजचा प्रश्न. दुकानावरच्या सीसीटीव्हीची साठवण भरली की जुन्या चित्रणावर नवे चढते. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्याभरात. धडक देऊन पळालेल्या गाडीचा पुरावा असा पुसला जात असतो आणि ठाण्यात सांगतात, ‘तपास चालू आहे, पुढच्या आठवड्यात या.’

माझ्या मामूंना टेम्पोने उडवले तेव्हा हे उत्तर आम्ही तीनदा ऐकले. वर, ‘जीव वाचला ना, मग कशाला मागे लागता?’ मोहल्ल्यातले वडीलधारेही तेच म्हणाले. पोलिसांशी वाकडे नको! ही भीती कुठून आली ते मला कळते. पण तिचा फायदा फक्त पळून गेलेल्या ड्रायव्हरला होतो.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घेणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले. ‘गाडीचा नंबर आणा’ म्हणजे काय? नंबर शोधणे हेच तर पोलिसांचे काम. नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा. तेही हलले नाहीत तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आणि पहिल्याच दिवशी ठाण्यात पत्र द्या: अमुक दुकानाचे, अमुक वेळेचे चित्रण ताब्यात घ्या. पोच घ्या. तोंडी विनंती केली होती हे नंतर कोणालाच आठवत नाही. गाडी सापडत नाही म्हणून ‘अ समरी’ करून फाईल मिटवू लागले, तर कोर्टात हरकत घ्या.

पैशाचेही तसेच. वाहन अज्ञात राहिले तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार भरपाई आहे. महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर ही योजना पोलिसांनीच लेखी कळवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. आम्हाला कोणी कळवले नाही. तहसील कार्यालयात आम्हीच विचारायला गेलो.

पन्नास हजार घ्या आणि गप्प बसा, असे सुचवणारे भेटतीलच. भरपाई जरूर घ्या. तपासासाठीचा अर्जही मागे घेऊ नका. एकाने दुसरा रद्द होत नाही.