गृहव्यवस्था : बंद खोलींतील हवा

भाईंदरास आमच्या एका आप्तांकडे परवां जाण्याचा योग आला. घरांत तीन पिढ्या, त्यांत दीड महिन्यांचें बालक. खाडीकडच्या त्या बिऱ्हाडांत बाळंतिणीची खोली रात्रीं दहाला बंद होई ती सकाळींच उघडे. आंत एसी अखंड चाले. सकाळीं सूनबाईंचें डोकें जड झालेलें असे. सासूबाई म्हणत, "खिडक्या उघडा." चिरंजीव म्हणत, "मग एसी लावून उपयोग काय?" दोघांचेंही म्हणणें खरें होतें, हीच त्या वादांतील अडचण.

भिंतीवरचा नेहमींचा एसी बाहेरची हवा आंत आणीत नाहीं. खोलींतलीच हवा फिरवून गार करितो. ही साधी गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. बाहेरच्या हवेंत दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारें ४२० भाग असतो. दारेंखिडक्या लावून दोघेंतिघें रात्रभर निजलीं म्हणजे तो २००० च्या वर सहज जातो. तेवढ्यानें जीवास धोका होतो असें नव्हे. पण हवा शिळी झाल्याची ती खूण खास.

चिरंजीवांनीं यावर एका यंत्राचें माहितीपत्रक आणून ठेविलें होतें. स्वीडन-फिनलंडसारख्या थंड मुलखांत हें यंत्र घरोघर आढळतें. बाहेर जाणारी उबदार हवा व आंत येणारी गार हवा पातळ पत्र्यांच्या दोन अंगांनीं, एकमेकींत न मिसळतां, वाहतात. जाणारीची ऊब येणारीस मिळते. सासूबाईंनीं ऐकून घेतलें व विचारिलें, "भाईंदरास उष्णता वांचवून ती द्यावयाची कोणास?"

प्रश्न थट्टेचा, पण मर्मावर बोट ठेवणारा. आपल्याकडे हें यंत्र उलटें चालतें. बाहेर जाणारी गार हवा येणाऱ्या उष्ण हवेस निववते. परंतु खरा शत्रु उष्णता नव्हेच! वैशाखांतल्या रात्रीं बाहेर ३१ अंश व ७५ टक्के आर्द्रता, आंत २५ अंश व ५५ टक्के, असें धरा. दोन मोठ्या माणसांस पुरेल इतकी, तासाला ६० घनमीटर, ताजी हवा आंत घेतली तर तिच्याबरोबर सुमारें ७०० ग्रॅम जास्तीचें पाणी वाफेच्या रूपानें येतें. तें काढण्याचा एसीवरील भार, नुसती हवा गार करण्याच्या भाराच्या चौपट असतो. म्हणून केवळ पत्र्याचें यंत्र घेतलें तर एकंदर भाराचा सातवा-आठवा हिस्साच वांचणार. ज्याचा पडदा वाफही पलीकडे जाऊं देतो, तेंच यंत्र येथें कामाचें. माहितीपत्रकांत पहिल्यानें हेंच पाहावें. आम्हीं पाहिलेल्या पत्रकांत त्याविषयीं अवाक्षर नव्हतें. आणखी एक : स्वयंपाकघराची धुराडी या यंत्रास कदापि जोडूं नये, फोडणीचा तेलकट धूर पडदा बुजवून टाकतो.

यंत्राचा विचार बाजूस ठेवून आम्हीं मग टेप मागितली. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेंत, आपल्यासारख्या उष्ण व दमट प्रदेशांतील घरांना, जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एकषष्ठांश इतका उघडणारा भाग असावा असें सांगितलें आहे. ती खोली दहा फूट बाय बारा, म्हणजे वीस चौरस फूट हवेत. खिडकी पांच फूट बाय चार, म्हणजे बरोबर वीस! पण काचा सरकत्या. एक उघडली कीं दुसरी झांकते. उघडतात ते दहाच, आणि त्यांतही निम्म्यापुढें कपाट आलेलें.

कपाट त्याच दुपारीं हललें. पहांटे पांचला एसी बंद करून खिडकी व समोरच्या सज्जाचें दार दोन्ही उघडावयाचीं असें ठरलें. त्यावेळीं बाहेरची हवाही दिवसांतली गारच असते. रात्रीं मधून एकदां दार उघडण्याचें सासूबाईंनीं आपणाकडे घेतलें आहे. त्या तशाही तीनला जाग्या असतात. यंत्राचा निर्णय चिरंजीवांनीं दिवाळीनंतर घ्यावयाचा ठेविला आहे.