विकत घेतला, पण कुणाचा?

सप्टेंबर २००८मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘स्पोअर’ हा कॉम्प्युटर गेम बाजारात आणला. पूर्ण पैसे मोजून डबा घरी न्यायचा, डिस्क घालायची, वर इंटरनेटवरून कंपनीची परवानगी घ्यायची, तीही तीनदाच. चौथ्यांदा हवी असेल, तर पावती दाखवून ग्राहकसेवेपुढे अजिजी. असा गेम जुन्या बाजारात कोण घेणार? डबा शाबूत, डिस्क धड. पण सीरियल की आधीच्या मालकाच्या खात्याला चिकटलेली. वाचून झालेली कादंबरी अप्पा बळवंत चौकात विकताना लेखकाची परवानगी लागत नाही! अ‍ॅमेझॉनवर लोकांनी एकेक तारा देऊन राग काढला, तेव्हा मर्यादा तीनाची पाच झाली. ज्या चोरांसाठी हे कुलूप होतं, त्यांच्या हाती फोडलेली प्रत गेम अमेरिकेतल्या दुकानांत येण्याआधीच पोचली होती. म्हणजे जाच झाला तो पैसे भरणाऱ्यालाच. कॅलिफोर्नियात २०२५पासून बऱ्याच डिजिटल वस्तूंवर ‘विकत घ्या’ असं लिहायचं, तर मिळतो तो फक्त वापराचा परवाना, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्या ग्राहक मंत्रालयानेही निदान एवढं तरी सक्तीचं करावं.